जात्यावर बसलेला गिरणीवाला

जवळा बाजार या गावात दगडोबानं पिठाची गिरणी घातली तेव्हा गावाला दोन गोष्टींचं नवल वाटलं. हात न लावता पीठ पडतं याचं एक, आणि ती गिरणी दगडोबानं घातली याचं दुसरं. दुसरं नवल मोठं होतं. कारण शेजारच्या घरी विस्तव मागायला गेला तर हा माणूस दारात उभा राहून नुसता खाकरायचा. घरातल्या बाईनं आपण होऊन "विस्तू पायजे का?" असं विचारलं तर ठीक. नाही विचारलं, तर तसाच माघारी येऊन बायकोला सांगायचा, "त्यांची चूल पेटलेली न्हाई."

"धूर तर दिसून राहिला की," बनाबाई म्हणायची.

"दिसंना का."

मग बनाबाई स्वतः जायची आणि विस्तवासोबत चार घरच्या बातम्याही घेऊन यायची.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. राज्य निजामाचं होतं आणि गिरणी बघायची तर माणसाला हिंगोलीला जावं लागे. दगडोबानं हिंगोलीच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कितीतरी हंगाम इंजनाला तेल घालायचं काम केलं होतं. तिथं तो सुखी होता. इंजनाशी बोलावं लागत नाही, त्याचं फक्त ऐकावं लागतं, आणि ऐकायला दगडोबा कधी कंटाळला नाही. ठोक्यात जरा खरखर आली की इंजनाचं काय दुखतंय ते त्याला कळायचं. जिनवाल्यानं नवं इंजन आणलं तसं जुनं मोडीत निघालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दगडोबाला एखादी गोष्ट आपली असावी असं वाटलं. रातंदिस वाटलं. पण ते थोरल्या भावाला सांगायला त्याला आख्खा उन्हाळा लागला, आणि सांगितलं तेही बनाबाईनं आतल्या खोलीतून, दाराआडून.

थोरला भाऊ व्यंकटराव मनानं मोठा माणूस. त्यानं घरची लाल कंधारी बैलजोडी विकून इंजन घेऊन दिलं. पण सगळ्या गावासमोर, पारावर बसून सांगितलं, "गुढीपाडव्यापर्यंत बघतो. चालली तर चालली. न्हाई तर इंजन वसमतच्या तेलवाल्याला. तो त्याच्या बदल्यात बैलजोडी द्यायला तयार हाय. मग दगड्या, तू आपला गपगुमान तिफणीमागं. मंजूर?"

दगडोबानं मान हलवली. आता 'मंजूर' म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, म्हणून नुसती मान.

दिवाळी झाली आणि गिरणी सुरू झाली. शिवेच्या वाटेला एक लांबट खोली, पुढं दगडमातीचा ओटा, आत इंजन, पट्टा आणि गिरणीचं जातं. सकाळी दगडोबा मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायचा, इंजन ठोके द्यायला लागायचं आणि गावभर कळायचं, गिरणी उघडली. कळायचं सगळ्यांना. येत मात्र कुणी नव्हतं.

म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. पाटलाकडचा गडी यायचा, शाळेतले मास्तर यायचे, कारण त्यांची बायको माहेरी होती. पण गिरणी मास्तरांच्या पायलीभर ज्वारीवर चालत नसते. गिरणी चालते बायकांवर, आणि बायका पहाटे उठून आपापली जाती ओढतच होत्या.

व्यंकटरावाला हे बघवेना. तो मदतीला धावला, आणि तोही एकटा नव्हे. आपली पारावरची मित्रमंडळी उचलून त्यानं गिरणीच्या ओट्यावर आणून बसवली. बिड्या आल्या, पानाची चंची आली, कुणीतरी सोंगट्यांचा पट आणला.

"गिऱ्हाईक रौनक बघून येतं," तो दगडोबाला समजावून सांगायचा. "तू आत घुबडासारखा बसून राहतो. मानसं दिसली तर मानसं येतात. म्या हाय तर तुला तकलीफ न्हाई."

"व्हय, दादा."

"आन् जरा बोलत जा. बाजाराच्या दिवशी वाटंवर उभा राहा. म्हन, या बाई, दळन घेऊन या, बारीक काढून देतो. काय जड हाय त्यात?"

त्यात काय जड होतं ते दगडोबालाच ठाऊक. त्यानं ते वाक्य पाठ केलं. बनाबाईसमोर म्हटलं, म्हशीसमोर म्हटलं. बाजाराच्या दिवशी सकाळीच वाटेवर जाऊन उभा राहिला. समोरून सखुबाई आली, डोक्यावर वांग्यांची पाटी. सखुबाई म्हणजे गावातली सगळ्यात खणखणीत जीभ. दगडोबानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "वांगी बारीक हायती."

सखुबाई थबकली. "माझ्या वांग्याला नावं ठिवायला उभा राहिला का रे इथं? बारीक म्हने! तुझ्या गिरनीपेक्षा जास्ती खपतात माझी वांगी!"

त्या दिवसापासून दगडोबा वाटेवर उभा राहिला नाही. रात्री जेवताना बनाबाईनं ताटात वांग्याचीच भाजी वाढली आणि तोंडाला पदर लावून हसत बसली. तोही हसला थोडा. मग हात धुता धुता म्हणाला, "बने, मला न्हाई जमायचं हे. लोकं गिरनीवर येतात ते गिरनीवाल्याकडं बघून."

"मी बसते तिथं. मला येतं बोलता."

"दादा असतात ओट्यावर."

बनाबाईनं ताट उचललं. थोरल्या दिरासमोर ती कधी बसली नव्हती, की मोठ्यानं बोलली नव्हती. रीतच तशी होती, आणि व्यंकटराव ओट्यावरून उठायचा तो जेवायला आणि झोपायला.

*

शिवरात्र आली. जवळा बाजारातून औंढ्याच्या नागनाथाच्या जत्रेला अर्धं गाव पायी जायचं, म्हाताऱ्या माणसांत तर उपास न धरणारं कुणी नव्हतंच. रुख्मिणीबाई गावातली वडीलधारी बाई. तिचा खांदा त्या वर्षी धरला होता, जातं ओढवेना. तिनं सुनेला, जमनाला, हाक मारली आणि म्हणाली, "त्या दगडोबाच्या गिरनीवर घेऊन जा भगर. पोरगं स्वच्छ हाय. मी बघितलंय त्याला रोज खोली झाडताना."

उपासाचं दळण कुणी गिरणीवर पाठवत नसे, कारण त्याच जात्यातून ज्वारी-बाजरी जाते. तरी रुख्मिणीबाईनं पाठवलं. तो मान दगडोबाला असा लागला की त्यानं आदल्या दिवशी गिरणीचं जातं उघडून दोन्ही दगड घासले, पुसले, त्यांना ऊन दाखवलं. सकाळी पहिलं दळण भगरीचं काढलं. इतकं मऊ पीठ त्या गिरणीतून आधी पडलं नव्हतं. रुख्मिणीबाईनं पाठवलं म्हटल्यावर मागाहून सखुबाईच्या घरचीही ज्वारी आली. पोरगं टाकून गेलं होतं. तीही दळून झाली. दोन टोपल्या शेजारी शेजारी, दोन्हींवर पांढरं फडकं.

जमना टोपली न्यायला आली तेव्हा ओटा भरलेला होता. सोंगट्या रंगात आल्या होत्या. ती ओट्याच्या कडेनं, भिंतीला घासत, पदर नाकापर्यंत ओढून दारात आली. नवी नवरी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

दगडोबा जमिनीकडं बघत म्हणाला, "कुनाचं?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? नवऱ्याचं नाव घेता येत नाही. सासऱ्याचं नाव घेता येत नाही. सासूचं तर बोलायलाच नको. जमना पायाच्या अंगठ्यानं पीठ उकरत उभी राहिली. दगडोबा जमिनीकडं बघत उभा राहिला. पदराच्या आड कोण आहे ते बघायला मान वर करावी लागली असती, आणि परक्याच्या सुनेकडं त्यानं मान वर करून बघणं शक्य नव्हतं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "कोन आलंय रे? लई वेळ लागून राहिला!" आणि चारजण हसले.

जमनानं हाताला लागली ती टोपली उचलली आणि निघाली. दगडोबानं मान वर न करता तिला जाऊ दिलं.

दुपारी रुख्मिणीबाईनं न्हाऊन, देव पुजून, उपासाच्या भाकरीचा घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबली. ज्वारी. सत्तरीला आलेल्या त्या बाईची शिवरात्र आजवर मोडली नव्हती.

त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला सखुबाई भगरीच्या पिठाची भाकर थापत होती, आणि ती भाकर काही केल्या एक राहत नव्हती. कारण कळल्यावर तिनं ते पीठ फडक्यासकट उचललं आणि गिरणीच्या ओट्यावर येऊन सोंगट्यांच्या पटावर आपटलं.

"घ्या! इंजनाचं पीठ! हातावर फुटतंय, तव्यावर फुटतंय! आन् त्या म्हातारीचा उपास मोडला, ती औंढ्याला जायची सोडून घरात रडून राहिली. अशी गिरनी न्हाई पाहिली बाई, पीठ दळती का धरम दळती?"

व्यंकटराव उठला. "तू आत बस, दगड्या. म्या जातो, म्हातारीला समजावतो. बोलन्याची गोष्ट हाय ही."

तो गेला, आणि बोलला. पुष्कळ बोलला. चुकी सुनेची आहे हे बोलला, ज्वारी काय विटाळ आहे का हे बोलला, आणि शेवटी, "नागनाथ काय तुझी भाकर उलथून बघत बसलाय का, काकू?" हेही बोलला. रुख्मिणीबाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचंही दळण येईना.

*

दगडोबा दोन दिवस जेवला नाही म्हटलं तरी चालेल. ताटावर बसायचा, उठायचा. पाडवा पुढच्या महिन्यावर आला होता. वसमतचा तेलवाला पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येणार, हे व्यंकटरावानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"इंजन तरी कशापायी चालू करता आता?" बनाबाईनं विचारलं. कारण तो अजूनही सकाळी जाऊन चाक फिरवायचा, घटकाभर ठोके ऐकायचा आणि बंद करायचा.

"बंद पडलं की गंजतं."

"इंजन का तुमी?"

त्यानं हाताचं तेल पुसलं आणि म्हणाला, "मला काकूकडं जायचंय."

"मग जा की."

"काय म्हनू?"

बनाबाईनं त्याच्याकडं बघितलं. या माणसाला वाक्य देऊन उपयोग नाही, ते वाटेत वांग्यांवर सांडतं, हे तिला कळलेलं होतं. तिनं घरातली भगर काढली, निवडली, धुतली, फडक्यावर वाळवली आणि त्याच्या हातात पुरचुंडी दिली. "हे घेऊन जा. म्हनायचं ते म्हना, न्हाई तर म्हनू नका. पन हात रिकामा नको."

रुख्मिणीबाई अंगणात शेंगा फोडत होती. दगडोबा फाटकाशी येऊन खाकरला. तिनं वर बघितलं, परत शेंगांकडं बघितलं. तो उभा. ती फोडतेय. जमना आतून डोकावून गेली. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. ओसरीच्या कोपऱ्यात जातं होतं, त्याच्याकडं दगडोबाची नजर गेली.

तो ओसरीवर चढला. पायातलं काढलं, जात्यापुढं मांडी घालून बसला, पुरचुंडी सोडली आणि खुंटा धरला.

शेजारच्या भिंतीवर दोनाची सहा डोकी झाली.

"अगं बया, बाप्या जात्यावर बसला!"

"कोन गं?"

"गिरनीवाला! इंजन बिघडलं वाटतं!"

बाप्या माणसानं जातं ओढणं म्हणजे साडी नेसून पाणी भरायला जाण्यासारखं होतं. दगडोबाचे कान लाल झाले, मानेवरून घाम निघाला, पण हात थांबला नाही. ओढता काही येत नव्हतं त्याला. घास मोठा टाकायचा, जातं अडायचं. लहान टाकायचा, दगडावर दगड करकरायचा. भगर अर्धी भरडून, अर्धी सबंधच बाहेर उडायला लागली.

रुख्मिणीबाईनं थोडा वेळ हे सोसलं. मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठली. "अरे दगडाला जेवू घालतो का माती लोटतो? दोन बोटांनी टाक. चिमटीनं. आन् जातं वढायचं न्हाई, ते आपसूक येतं, आपन फक्त संगं जायचं." ती खाली बसली आणि चांगल्या हातानं खुंट्याला हात लावला. दोघांच्या हातानं जातं नीट फिरायला लागलं.

"काहून केलं रे असं?" तिनं विचारलं.

दगडोबा जात्याकडं बघत म्हणाला, "चुकलं, काकू." आणि थोड्या वेळानं, "त्या बदल्यात सोमवारचा उपास धरा. याचं पीठ घ्या."

एवढंच. पण व्यंकटरावाच्या तासाभराच्या बोलण्यानं लागलेलं दार एवढ्यानं उघडलं. रुख्मिणीबाईचे डोळे भरून आले आणि ते लपवायला ती रागावली. "धरीन. न्हाई तर काय करीन. आन् तू इतका मुका काहून बसतो रे तिथं?"

"म्हनूनच कुनी येत न्हाई," दगडोबा म्हणाला. "मला बोलता येत न्हाई, काकू. दादाला येतं, म्हनून तेवढंतरी..."

"काय तेवढंतरी?" म्हातारीनं जातं थांबवलं. "तुला वाटतं तू बोलत न्हाईस म्हनून बाया येईनात? अरे येड्या, त्या गिरनीवर तू बोलत न्हाईस हेच एक बरं हाय! ते पाच-सहा बाप्ये बसतात ओट्यावर बिड्या फुकत, त्यांच्यामधून कोन्या बाईनं टोपलं घेऊन जायाचं? माझी सून गेली तर भिताडाला घासून गेली. कोपराला खरचटलंय तिच्या. इचार तिला."

जमना दाराआड होती. सासूनं नाव काढल्यावर ती तिथूनच, हळूच पण ठामपणे म्हणाली, "आन् ते इचारतात, 'कुनाचं?' मी कसं नाव घेऊ? मला काही निशानी तरी ठिवता आली असती. फडक्यावर. बेलाचं पान न्हाई तर काहीतरी. मग इचारायला नको आन् सांगायला नको."

भिंतीवरच्या डोक्यांतून एक आवाज आला, "व्हय गं माय, माझंही तेच. जायचं कसं तिथून?"

दगडोबाचा हात खुंट्यावर तसाच राहिला. इंजनाचा ठोका जरा चुकला तरी ज्याला कळायचं, त्याला इतके महिने हे कळलं नव्हतं. सगळा बिघाड तो स्वतःतच शोधत बसला होता.

*

कळलं, पण आता करायचं काय? व्यंकटरावाला सांगायचं. थोरल्या भावाला, ज्यानं बैल विकले, त्याला सांगायचं की दादा, उठा. त्यापेक्षा दगडोबानं गावातली सगळी जाती ओढली असती.

सकाळी ओटा भरला. दगडोबानं इंजन सुरू केलं, तेलाच्या चिंधीनं हात पुसले आणि दारात आला. व्यंकटराव सोंगटी हातात घुसळत होता. दगडोबा आत गेला. पट्टा नीट केला, जो आधीच नीट होता. परत दारात आला. या वेळी तो बोलला. ओठ हलले, वाक्य बाहेर पडलं, आणि इंजनाच्या धडधडीत कुणालाही ऐकू गेलं नाही.

"आं?" व्यंकटराव ओरडला.

दगडोबा तिथून पळाला असता. कुणीही म्हणालं असतं, एकदा सांगितलं, आता देवाची मर्जी. तो खरंच आत गेला. इंजनापाशी उभा राहिला. थंडीच्या दिवसांत हे इंजन पहिल्या हिसक्याला कधीच लागायचं नाही, त्याला शिव्या देऊन उपयोग नसायचा. थोडं थांबायचं आणि चाक पुन्हा धरायचं. त्यानं इंजन बंद केलं.

इतकी शांतता झाली की सोंगटी पडलेली ऐकू आली.

"दादा," तो दारातून म्हणाला. "तुमी इथं बसू नका. बायांना येता येत न्हाई."

कुणी हसलं नाही. व्यंकटरावाला आधी कळेना, मग कळलं, मग त्याचा चेहरा काळा पडला.

"म्या?" तो म्हणाला. "म्या तुझ्यासाठी घरची कामं टाकून इथं बसून राहिलो. आन् म्याच नडून राहिलो व्हय?"

दगडोबा मान खाली घालून उभा होता, पण दारातून हलला नाही. व्यंकटरावानं पट गुंडाळला. मंडळी उठली. जाता जाता तो म्हणाला, "तेलवाला येनार म्हंजे येनार. ध्यानात ठेव."

त्या दिवसानंतर तो भावाशी बोलला नाही. दगडोबा न बोलणारा असला, तरी कुणी आपल्याशी न बोलणं वेगळं असतं, हे त्याला पहिल्यांदा समजलं. जेवताना दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या असायचा आणि तोही कुणी सरकवायचं नाही.

ओटा मोकळा झाला. बनाबाई सूप घेऊन तिथं बसायला लागली, धान्य निवडत. आणि तरीही कुणी आलं नाही. एकदा गेलेली पत अशी हाक मारल्याबरोबर माघारी येत नसते. रोज सकाळी इंजन लागायचं, घटकाभर वाजायचं, थांबायचं. बनाबाई काही विचारायची नाही आता. ओटा सारवायची, चार मापं दाणे निवडायची, घरी जायची. एका संध्याकाळी मात्र तिचा धीर सुटला. "लोक हसून राहिले हो. रिकामी गिरनी वाजवतो म्हनतात."

"वाजू दे. पाडवा होईस्तवर माझी हाय."

आणि मग एका सकाळी जमना आली. ओट्यावरून, मधोमध चालत. टोपली ठेवली, फडक्यावर बेलाचं पान. दगडोबानं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. पीठ झालं, पान फडक्यावर परत गेलं, टोपली गेली. बनाबाईनं तिला थांबवून गूळ दिला आणि कोपर बघितलं.

दुसऱ्या दिवशी तीन टोपल्या होत्या. एकीवर हळकुंड, एकीवर मोराचं पीस, एकीवर लुगड्याच्या काठाची चिंधी. आठवडाभरात बायकांना त्या खुणांची गंमतच वाटायला लागली. कुणी कवडी ठेवली, कुणी कडुलिंबाचा डहाळा. सखुबाई आली ती वाळकी लाल मिरची फडक्यावर ठेवून, आणि बनाबाईला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या टोपल्याला चुकला तर हीच डोळ्यात घालीन."

"सांगायला कशाला पायजे? आतून ऐकून राहिले ते," बनाबाई म्हणाली.

"ऐकतो व्हय? बरं हाय. माझं घरचं तर बोलतंही न्हाई आन् ऐकतही न्हाई."

बायका हसल्या. आत दगडोबा पिठात हात घालून बारकाई बघत होता, आणि रुख्मिणीबाईनं शिकवल्यासारखा वरच्या पेटीतून दाणा थोडा थोडा सोडत होता. ओट्यावरच्या गप्पा त्याला ऐकू यायच्या. त्यात भाग घ्यायचा नव्हता, आणि कुणाची तशी अपेक्षाही नव्हती. इतकं बरं त्याला माणसांच्या इतक्या जवळ बसून कधी वाटलं नव्हतं.

*

पाडव्याच्या आदल्या दिवशी वसमतचा तेलवाला गाडी घेऊन आला. सण तोंडावर, घरोघरी पुरणपोळीचे गहू. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्या ओट्यावरून उतरून समोरच्या कडुलिंबाखाली गेल्या होत्या. व्यंकटराव तेलवाल्याला घेऊन आला आणि दोघंही वाटेवरच उभे राहिले, कारण बायांच्या मधून जायचं कसं?

दगडोबाला ते दारातून दिसले. बैल घरचे होते, शब्द दादाचा होता, आणि पेरणीला जोडी लागणार हे खरंच होतं. बायांची गर्दी दाखवून ते खोटं ठरणार नव्हतं. त्यानं हातातलं दळण पुरं केलं, चिंधीनं हात पुसले आणि गर्दीच्या कडेनं भावाकडं गेला.

"काय?" व्यंकटराव म्हणाला. बऱ्याच दिवसांनी पहिला शब्द.

"काकूच्या पोरानं पेरनीला बैल देतो म्हनून सांगितलंय. सावडीनं. आपन त्यांचं सालभर दळायचं. वखरनी, पेरनी, सगळं."

व्यंकटराव बघतच राहिला. "तू जाऊन बोलला? तू?"

"त्यांनीच इचारलं." दगडोबा प्रामाणिकपणे म्हणाला. "म्या व्हय म्हनलो."

तेलवाल्यानं घसा साफ केला. "राव, ते तुमचं घरचं बघा. मला इंजन दावा आधी. चालतं ना बराबर? जुनं हाय म्हनतात, आन् गिरनी बसली म्हनून ऐकलं."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

"बसली?" व्यंकटरावाचा आवाज चढला. "कोन म्हनलं बसली? डोळे हायती का तुमाला? ह्या टोपल्या मोजा! असं इंजन हिंगोलीपासून वसमतपर्यंत दावा मला एक. चालतं का म्हने! अरे हे इंजन म्या बैल इकून आनलंय, ते काय उगं? मला ठाऊक होतं. म्या पहिल्या दिवशी पारावर बसून सांगितलं होतं, चालंल म्हनून!"



तेलवाला म्हणाला, "मग इकायचं न्हाई का?"

"इकायचं? सोन्याचं अंडं देनारी कोंबडी इकतं का कुनी? चला, चहा घ्या घरी. आल्यासारखं जेवून जा. म्या तुमाला सांगतो गिरनी कशी चालवायची असती. पहिली गोष्ट, वट्यावर बाप्ये बसू द्यायचे न्हाईत. ध्यानात आलं का?"

तेलवाल्याच्या खांद्यावर हात टाकून तो निघाला. थोडं पुढं गेल्यावर थांबला, वळला आणि भावाला म्हणाला, "संध्याकाळी लवकर ये जेवायला. बोलत न्हाईस तर न्हाई, पन ये." मग पुन्हा चालायला लागला. ओढ्याच्या वळणापर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता. सांजेपर्यंत गावभर झालं की गिरणी ही मुळात व्यंकटरावाचीच अक्कल.

बनाबाईनं हे ऐकलं आणि सुपातले दाणे असे पाखडले की अर्धे ओट्याखाली गेले. "ऐकलं का? सगळं त्यांनीच केलं म्हने! आता तरी जाऊन एक शबुद बोला."

"काहून?" दगडोबा म्हणाला. सांगायचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतल्यानं त्याचा जीव भांड्यात पडला होता. "त्यांना येतं ते."

आत जाऊन त्यानं पुढची टोपली उचलली. गहू होते, पुरणपोळीचे. त्याला ते फार बारीक काढायचे होते.